साळ्याचा अंगठा

मोटरसायकलच्या हॅन्डलला मी माफ केलं आहे. काळ्या मातीच्या चिखलालाही केलं आहे. साळ्याला केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. माझ्या पोटावर वरपासून खालपर्यंत एक लांबलचक व्रण आहे. रोज आंघोळीला बसलो की तो दिसतो, आणि अंगावर तांब्या ओतता ओतता मी त्या माणसासाठी नवी शिक्षा शोधतो. पुस्तकी मराठीत बायकोच्या भावाला मेहुणा म्हणतात. आमच्या यवतमाळकडे साळा म्हणतात, आणि तो शब्द दातांखाली धरून म्हणण्यात जे समाधान आहे ते मेहुण्यात नाही.

मी सर्जन आहे. शहरात माझा छोटा दवाखाना आहे, आणि मेडिकल कॉलेजात मी शिकवतोही. ट्रॅक्टरवरून पडलेले, बैलानं ढुशी दिलेले, हॅन्डल पोटात घुसलेले असे लोक माझ्याकडे कायम येतात. वरून पोट ठणठणीत दिसतं आणि आत आतड्यांना रक्त पुरवणारी एखादी नस फाटलेली असते. त्यांच्या नातेवाइकांना मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट ओरडून सांगत आलो : पोटाला मुका मार लागला की पोट चोळायचं नाही, खायला-प्यायला द्यायचं नाही, थेट दवाखान्यात आणायचं. हे मी इतक्यांदा सांगितलं की माझा कंपाउंडर माझ्याआधी ते म्हणून टाकतो. तर अशा माणसानं स्वतः पोटावर पडून आधी भरपेट जेवण केलं आणि मग पोट चोळून घेतलं. कसं, ते ऐका.

सासुरवाडी मुकुटबनजवळच्या एका खेड्यात. त्या वर्षी श्रावण दोनदा आला होता. अधिक महिना म्हणजे जावयाचा महिना. त्याला बोलावायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून वाढायचे. सासूबाईंनी हौसेनं बोलावलं होतं. पण त्या घरात माझा वैरीही राहत होता. हा बायकोचा धाकटा भाऊ कापसाची शेती करतो, आणि फावल्या वेळात माझी थट्टा. एकदा गोऱ्ह्याला भिऊन मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढलो होतो, ते त्यानं एका लग्नात भर मांडवात साभिनय सांगितलं. गोष्ट खरी होती, म्हणूनच जास्त झोंबली. आणखी एक. हा गावात सरकलेली बेंबी बसवून देतो. पोट दुखायला लागलं की आमच्याकडे पुष्कळ लोक समजतात, बेंबी जागेवरून हलली. मग असा एखादा हातगुणाचा माणूस तेल लावून, अंगठ्यानं दाबून ती परत आणतो. माझा दवाखाना सोडून लोक याच्याकडे जातात, हे तो मला मुद्दाम ऐकवायचा.

त्या दिवशी सकाळी अंगणात पाचपंचवीस माणसं बसलेली. चहा सुरू होता. साळा म्हणाला, "भाऊजीले वावर पाहाचं आहे म्हणते, पण कार तं जात नाही तिकडं. पायी गेले तं बूट खराब होतीन. काय कराव बाप्पा?"

सगळे हसले. मीही हसलो, कारण जावई हसतोच. पण आत काहीतरी पेटलं. म्हणालो, "दे तुझी गाडी. मी जाऊन येतो."

"चालवता येते काय?"

"तू जन्मायच्या आधीपासून."

हे साफ खोटं होतं. त्याच्या गाडीच्या डाव्या मुठीचं रबर गेलेलं होतं, नुसता नळा उघडा पडला होता. मला दिसलं. पण आता त्यावर बोललो असतो तर पुढच्या दहा लग्नांची सोय झाली असती.

जाताना ठीक गेलो. येताना चाकाला काळी माती धरायला लागली. आमच्याकडची माती पावसात खिरीसारखी नाही, लाह्यांच्या लाडूसारखी असते. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये थरावर थर बसत जातो. मधूनमधून थांबून काडीनं ती खरवडायची असते. हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. साळा मागून धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, पायी येत होता. तो ओरडला, "भाऊजी, थांबा! चिखल काढा! चाक जाम होऊन राह्यलं!"

मला वाटलं, टोमणा आहे. मी गाडी आणखी पिळली.

पुढचं चाक खिळल्यासारखं थांबलं. गाडी थांबली, मी नाही थांबलो. हॅन्डल फिरलं आणि तो उघडा नळा माझ्या पोटात बेंबीच्या वर बसला. मी त्याच्यावर माझं सगळं वजन टाकून क्षणभर असा लटकलो, जणू वाळत घातलेलं धोतर. मग बाजूला चिखलात पडलो.

साळा पळत आला. "लागलं काय भाऊजी?"

"नाही रे. उतरलो."

"असं उतरतेत होय?"

बस्स. या एका वाक्यानं माझं बरंच नुकसान केलं. सदरा वर करून पाहायला हवं होतं ते मी पाहिलं नाही. दुखतंय म्हणायला हवं होतं ते म्हटलं नाही. शीळ घालत घरी आलो. न्हाणीत गेल्यावर पाहिलं, तर पोटावर बांगडीएवढा लाल गोल ठसा उमटलेला. असा ठसा पाहिला की मी दुसऱ्याच्या बापालाही हलू देत नाही. स्वतः मी सदरा खाली ओढला आणि पाटावर जाऊन बसलो.

सासूबाई वाढत गेल्या. मी खात गेलो. तुपाची धार थांबेना. दुसऱ्या वाढीला पोटात कळ आली, तिसरीला घाम आला. साळा टक लावून बघत होता.

"भाऊजी, तुमचं तोंड काहून असं झालं?"

"जेवण जास्त झालं."

सासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू गाडीवरून पडलते म्हणे. बेंबीच सरकली असन. पाह्य रे जरा."

आता इथं मी एक वाक्य बोलायला हवं होतं : मला पोटाला मार लागला आहे, मला यवतमाळला न्या. पण ते बोललो असतो तर पडलो हे कबूल झालं असतं, लागलं हे कबूल झालं असतं, आणि त्यानं चिखल काढायला सांगितलं होतं हेही. सासू समोर, चार बाया दाराशी, जावयानं सासूला नाही म्हणायचं कसं? मी आडवा झालो. मनात म्हटलं, हलकासा हात लावेल, मी बरं वाटतंय म्हणेन, सुटलो.

त्यानं बेंबीवर अंगठा ठेवला, डोळे मिटले. "धुकधुकी पाहून राह्यलो," तो गंभीरपणे म्हणाला. "इथं पाह्यजे, तं वर लागून राह्यली. सरकली."

ती धुकधुकी म्हणजे पोटाच्या मागच्या भिंतीवरून जाणारी महाधमनी. बारीक माणसाच्या पोटावर ती हाताला लागतेच. ती कुठंही सरकत नाही. सरकली तर माणूस सांगायला राहत नाही. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलेलं आहे. मी निजल्या निजल्या छताकडं बघत विचार केला, या गाढवाला आत्ता शरीररचना शिकवावी की नंतर? तेवढ्यात त्यानं तेल ओतून दाबलं.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. दोन-तीनदा त्यानं चांगलं मुरडून दाबलं आणि म्हणाला, "बसली. उठा."

मी उठलो आणि बसलोच नाही, सरळ खाली गेलो. डोळ्यांपुढं पांढरं झालं. शुद्ध आली तेव्हा बायको माझ्या तोंडावर पाणी मारत होती आणि माझा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला होता. नाडी दोरा हातातून सुटावा तशी पळत होती. पोट फुगून घट्ट झालं होतं. मग मला सगळं कळलं, जे सकाळीच कळायला हवं होतं.

"रक्त जातंय," मी बायकोला म्हणालो. "आत. गाडी काढा. मला पाणी देऊ नका."

साळ्याच्या हातावर अजून तेल चमकत होतं. "काय फुटलं भाऊजी?"

"तुझं नशीब," मी म्हणालो.

कार तोच चालवत होता. मागच्या सीटवर मी आडवा, पाय बायकोच्या मांडीवर उंच. खड्डा आला की मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून थोडक्यात करायचो.

"वाचलो... तर तुले सोडत नाही."

"हाव भाऊजी."

"कोर्टात नाही जाणार. मी स्वतः पाहीन."

"हाव भाऊजी. फक्त बोलत राहा."

माझं बोलणं बंद पडू नये म्हणून तो मुद्दाम मला चिडवत होता, हे बायकोनं नंतर सांगितलं. मला ते पटलेलं नाही. वाटेत पांढरकवड्याला ओळखीच्या एका डॉक्टरनं दोन्ही हातांत जाड सुया लावल्या आणि यवतमाळला फोन केला. तो म्हणाला, "सर, इथं पोट उघडलं तर चढवायला पुरेसं रक्त नाही. पुढं पळा." मी त्याला बजावलं, सलाईन धो धो सोडू नको, गळक्या नळाला वरून पंप लावल्यासारखं होतं, नुसतं प्रेशर वाढतं आणि बसलेली गुठळी वाहून जाते. नाडी लागते, माणूस बोलतो, तेवढं पुरे. तो म्हणाला, "सर, हे तुम्हीच शिकवलंय." मला स्वतःचा अभिमान वाटला. पोटात रक्त साचत असताना अभिमान वाटणारा मी एकटाच असेन.

माझ्या दवाखान्यात सर्जन एकच, मी. त्यामुळे मला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या दवाखान्यात नेलं. ती आता शहरातली दुसरी सर्जन आहे, म्हणजे प्रतिस्पर्धी. चारचौघांत मी तिच्याबद्दल म्हणायचो, हुशार आहे, पण हात जरा हळू आहे. हे तिच्यापर्यंत पोहोचलं असणार याची मला खात्री होती. आमच्या गावात सगळं पोहोचतं.

तिनं पोटावर सोनोग्राफीचा दांडा फिरवला. सगळीकडे काळं, म्हणजे रक्तच रक्त. मी म्हणालो, "सीटी स्कॅन करून घे, कोणती नस आहे ते कळेल."

"सर, तुमचं प्रेशर बघितलंत का? सीटीच्या बोगद्यात माणसं मरतात, हे वाक्य कुणाचं?"

माझंच होतं.

भूलतज्ज्ञ माझ्या बायकोला विचारत होते, "शेवटचं काय खाल्लं?"

"धोंडे."

"किती?"

"मोजले नाही हो. जावई आहेत."

त्यांनी कपाळाला हात लावला. भरल्या पोटाच्या माणसाला भूल देताना अन्न उलटून फुफ्फुसात जायची भीती असते. रक्तानं मला मारायचं राहिलंच, तर सासूबाईंचं तूप असं मारणार होतं.

टेबलावर घेतल्यावर माझी विद्यार्थिनी मास्क बांधत कानाशी आली. "सर, माझा हात जरा हळू आहे. तुम्हाला घाई नाही ना?"

आयुष्यात मला इतकं चपखल उत्तर कुणी दिलेलं नाही. मी हसायला तोंड उघडलं आणि त्यातच झोप लागली.

पुढचं तिनं मला नंतर सांगितलं, आणि मी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. पोट वरपासून खालपर्यंत उघडलं. रक्त उसळलं. तिनं नस शोधायची घाई केली नाही. आधी चारी कोपऱ्यांत कापडाच्या घड्या कोंबल्या, हातानं दाब दिला आणि भूलतज्ज्ञांना रक्त चढवायला वेळ दिला. मग एकेक घडी काढत गेली. आतड्याला धरून ठेवणारा जो पडदा असतो, त्यात मोठी भेग होती आणि तिच्यातली एक धमनी आणि तिच्या शेजारची शीर तुटून वाहत होती. ती तिनं बांधली. पाठीकडच्या भिंतीशी उजव्या मूत्रपिंडाजवळ आणखी एक निळी सूज होती. ती वाढत नव्हती, धडधडत नव्हती. तिला तिनं हातही लावला नाही. अशी सूज उघडली तर आतला दाब सुटतो आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होतं. माझा हात असता तर खाज सुटली असती.

खरा पेच पुढं होता. बांधलेल्या नसेच्या पलीकडं आतड्याचा एक तुकडा काळपट पडला होता. जगेल की मरेल, कळत नव्हतं. माझं अंग गार पडलेलं, रक्त गोठेना. अशा वेळी आतडं कापून जोडत बसणं म्हणजे पेशंट गमावणं. म्हणून तिनं पोट शिवलंच नाही. वर निर्जंतुक प्लास्टिक पसरलं, शोषणारी नळी लावली आणि ठरवलं, दोन दिवसांनी परत बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढली, आणि मी खाली पाहिलं तर प्लास्टिकच्या आडून माझीच आतडी मला दिसत होती. हे दृश्य मी इतरांना दाखवलेलं आहे, घाबरू नका म्हणून. घाबरू नका म्हणणं किती हलकट बोलणं आहे ते तेव्हा कळलं. तुकडा थोडा मेला असेल तर कापून जोडता येईल. पुष्कळ मेला असेल तर पुढचं आयुष्य सलाईनवर, किंवा पुढचं आयुष्यच नाही. त्याचा निकाल उद्या. मला करण्यासारखं एकच काम होतं, ते म्हणजे साळ्याचा द्वेष. मी मन लावून केला.

आधी मी मनातल्या मनात त्याला दर महिन्याला माझ्या समोर बसवून त्याच्याच पोटावर विद्यार्थ्यांचे हात फिरवले. मग त्याला लग्नाच्या मांडवात माइकवरून गोऱ्ह्याची गोष्ट मागे घ्यायला लावली. मग ती मोटरसायकल पेटवली. त्याच्या रक्ताचा गट मला जुळला नव्हता, त्या दिवसांतला तेवढाच एक न्याय. त्याला रक्तपेढीतून परत पाठवलं तेव्हा तो रडला म्हणे. रडू दे.

संध्याकाळी बायकोनं त्याला पाच मिनिटं आत आणलं. दाढी वाढलेली, शर्टाला अजून तोच चिखल. पलंगापासून लांब उभा राहिला.

"भाऊजी," तो म्हणाला, "एक विचारू? माह्या दाबल्यानंच फुटलं काय?"

मी सलाईनचे थेंब मोजू लागलो. खरं म्हणजे मलाही माहीत नव्हतं. नळा बसला तेव्हाच नस तुटली असेल, किंवा अर्धवट तुटून गुठळीनं बंद झाली असेल आणि याच्या अंगठ्यानं बूच उडालं असेल.

"सांगा ना. मी कालपासून जेवलो नाही."

"मी पण नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भूल. पुन्हा छत गेलं. पुन्हा आलं. बायकोचा चेहरा पाहूनच कळलं, आणि तरीही मी विद्यार्थिनीला विचारलं, "किती कापलं?"

"वीतभर. बाकी सगळं गुलाबी. जोडलं, आणि पोट बंद केलं." मग ती स्टुलावर बसली. "सर, एक गोष्ट सांगते, तुमच्या उपयोगाची. फाटलेल्या पडद्यात जुनी, घट्ट गुठळी फारशी नव्हतीच. माझ्या मते नस पडल्या पडल्याच पूर्ण तुटली होती आणि सकाळपासून वाहतच होती. त्यांनी दाबल्यानं फार फरक पडला असं मला वाटत नाही. बाहेर बसलेत ते. सांगू का त्यांना?"

मी विचार केला. फार नाही केला.

"नको."

"सर, पण ते..."

"तो माझा साळा आहे. तू तुझा हळू हात धुऊन घे आणि जेवायला जा."

ती हसली नाही. पण गेली.

साळा आत आला. मी त्याला जवळ बोलावलं, उशीवर मान वळवली आणि स्पष्ट शब्दांत सांगितलं, "तुझ्याच अंगठ्यानं."

तो तिथंच खाली बसला. मला सांगताना लाज वाटत नाही, इतकं गोड औषध त्या दवाखान्यात दुसरं नव्हतं. त्या रात्री मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

त्यानंतर त्यानं बेंबी बसवणं सोडलं. गावात लोक चिडले, म्हाताऱ्या दारात येऊन बसायच्या. तो हात मागे बांधून म्हणायचा, "मले नका सांगू. मी भाऊजीले मारता मारता राह्यलो." गोऱ्ह्याची गोष्ट कुणी काढली तर तोच गप्प करायचा. माझा सूड पूर्ण झाला होता. महिनाभर मी हवेत होतो.

मग त्यानं बदला घ्यायला सुरुवात केली, आणि घेतोय हे त्याला माहीतही नाही. गावात कुणाच्या पोटात दुखलं, की तो त्याला गाडीत घालून माझ्याकडे आणतो. गॅस झालेले, कैरी जास्त खाल्लेले, परीक्षेला भ्यालेले, सगळे. जेवायच्या वेळेलाच आणतो. बाहेर बाकावर बसून अनोळखी लोकांना माझ्या पडण्याची गोष्ट सांगतो, चाक कसं जाम झालं, भाऊजी कसे लटकले, सगळं उभं राहून करून दाखवतो. शेवटी स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणतो, "अन् मंग या नालायकानं दाबलं." लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्या दवाखान्यात, माझ्या पोटावर, हा माणूस पुण्य कमावतो.

मागच्या हंगामात त्यानं एका मळणीवाल्या मजुराला आणलं. मळणी यंत्राचा पट्टा सुटून त्याच्या पोटावर बसला होता. घरचे बेंबी बसवायला घेऊन आलेले. यानं हात लावला नाही, पाण्याचा घोटही पाजू दिला नाही, आडवं घालून सरळ आणलं. आत नस फाटलेली होती. मी बांधली. आतडं अजून गुलाबी होतं, कापावं लागलं नाही. तो मजूर चालत घरी गेला, आणि त्याच्या बायकोनं पाया पडायला पाय धरले ते साळ्याचे. मी ऑपरेशनचा गाऊन घालून बाजूलाच उभा होतो.

त्या दिवशी घरी येऊन मी ताट सरकवून दिलं. बायकोला सगळं आधीपासून माहीत आहे. माझ्या विद्यार्थिनीनं मला न जुमानता तिला सांगितलं होतं.

"आता सांगून टाका त्याले," ती म्हणाली. "किती दिवस जीव जाळून घेईन तो?"

"सांगितलं तर उद्यापासून परत पोटं चोळायला लागेल."

"तुमचं त्यानं फुटलं नाही, पण दुसऱ्याचं फुटू शकते, असं सांगा."

"एवढं लांब वाक्य त्याला कळत नाही."

"त्याले कळते," बायको भाजी वाढत म्हणाली. "तुम्हालेच सांगाचं नाही."

मी भाजीत तिखट कमी असल्याची तक्रार केली. डॉक्टर म्हणून माझी जबाबदारी आहे. त्याचा अंगठा लोकांच्या पोटांपासून लांब राहावा यासाठी मला हे खोटं जपलं पाहिजे, मनाविरुद्ध, जन्मभर. इतकं मनापासून केलेलं मनाविरुद्ध काम माझ्या आयुष्यात दुसरं नाही.